चौदाव्या वर्षाची कादंबरी

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचे परीक्षण करण्याचे काम गेली काही वर्षे अधूनमधून माझ्याकडे येते. कधी एखाद्या शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडायची असतात, तर कधी एखाद्या स्पर्धेसाठी आलेली हस्तलिखिते वाचायची असतात. या कामाबरोबर बहुधा गुणांचा एक तक्ता येतो. विषयाचे नावीन्य, भाषाशैली, संस्कारमूल्य, मांडणी आणि चित्रे असे त्याचे रकाने असतात. कादंबरी साहसाची असो, विज्ञानाची असो, शिवकाळातली असो की नववीतल्या मुलाच्या मनातली घालमेल सांगणारी असो, तिला त्याच रकान्यांतून जावे लागते. त्या तक्त्यात जे मोजले जाते त्याचा आणि ती कादंबरी वाचून चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती जे लागते त्याचा संबंध फार थोडा आहे, असे मला अधिकाधिक तीव्रतेने वाटू लागले आहे.

अडचण तक्त्याच्याही आधी सुरू होते. आपल्याकडे बालसाहित्य या एकाच नावाखाली बालवाडीतल्या चित्रपुस्तकापासून दहावीतल्या मुलीने वाचावयाच्या कादंबरीपर्यंत सारे जमा केले जाते. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते आणि तो नऊ ते सोळा या वयोगटासाठीच्या पुस्तकांना असतो. नववे वर्ष आणि सोळावे वर्ष यांच्यामध्ये माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी उलथापालथ होऊन गेलेली असते. नऊ वर्षांचे मूल ‘पुढे काय झाले?’ असे विचारते. चौदा-पंधराव्या वर्षी त्या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो, आणि तो मोठ्याने विचारला जात नाही: याच्या जागी मी असतो तर काय केले असते? कुमार कादंबरी त्या दुसऱ्या प्रश्नासाठी असते, असे मी मानतो. बालभारतीने १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केले, तेव्हा या वयाची गरज निराळी आहे हे ओळखलेले होते. पुस्तकांच्या दुकानात मात्र ती ओळख पुढे फारशी गेली नाही. मराठी मुलगा साहसकथांच्या फळीवरून उतरतो आणि मध्ये कुठेही न थांबता आठवी-नववीत ‘स्वामी’ किंवा ‘मृत्युंजय’ यांसारखी मोठ्यांची कादंबरी हातात घेतो. त्यात वाईट काही नाही. परंतु मधली फळी रिकामी असल्यामुळे त्या फळीवरच्या पुस्तकांकडून काय अपेक्षा ठेवायच्या याची चर्चाच आपल्याकडे झाली नाही, आणि चर्चा न झाल्यामुळे लहान मुलांसाठी घडवलेले माप तसेच पुढे चालत राहिले.

परीक्षण कशाचे करायचे, या संदर्भात मला एक प्रसंग नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ती कथा पाठवली होती, कारण तोवर जगभर पोचलेल्या आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. परीक्षकांसमोर केवळ कथा होती आणि त्यांनी कथेलाच पारितोषिक दिले. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. लेखक कोण, विषय किती उदात्त, हेतू किती चांगला, हे सारे बाजूला ठेवून कथा स्वतःच्या बळावर उभी आहे का हे पाहणे शक्य असते, आणि मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत तर ते अधिकच आवश्यक असते, कारण तिथे चांगल्या हेतूंना गुण देण्याचा मोह सर्वांत मोठा असतो.

कथेचे बळ पाहायचे म्हणजे आधी ती कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते. प्रत्येक साहित्यप्रकार वाचकाला पहिल्या काही पानांत एक शब्द देतो. साहसकथा सांगते की संकट खरे असेल आणि त्यातून निघण्याची वाट नायकाच्या हातापायांतून व डोक्यातून निघेल. रहस्यकथा सांगते की जे गुप्तहेराला दिसले ते तुलाही दाखवले जाईल. विज्ञानकथा सांगते की एक कल्पना मान्य कर, पुढचे सगळे मी नियमाने सांगेन. दिलेला शब्द पाळला की नाही, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न असला पाहिजे. रहस्यकथेत मनोविश्लेषण उथळ आहे म्हणून गुण कापणे आणि शाळकरी वयावरच्या कादंबरीत घटना कमी आहेत म्हणून गुण कापणे, या दोन्ही गोष्टी मी बैठकांमध्ये पाहिल्या आहेत आणि दोन्ही सारख्याच अन्यायाच्या आहेत.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल भरधाव हाणतो, जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो आणि जिथे जातो तिथे काहीतरी घडते. एवढ्या पुस्तकांनंतरही तो आतून बदलत नाही, अशी तक्रार मी ऐकलेली आहे. ती तक्रार मला मान्य नाही. मालिकेतल्या साहसकथेने नायक बदलेल असा शब्द दिलेलाच नसतो; उलट तो पुढच्या पुस्तकातही तसाच भेटेल, हाच तिचा शब्द असतो. भागवतांची खरी कसोटी वेगळी आहे आणि तिच्यावर ते उत्तम उतरतात. त्यांच्या कथेत रस्ते खरे असतात, अंतरे खरी असतात, दमणे आणि लागणे खरे असते. पोरगा अडकतो तेव्हा आसपास मोठे माणूस नसते, आणि पोलीस किंवा पालक येतात ते मुख्य काम त्या पोराने केल्यावर. ही शेवटची गोष्ट दिसायला साधी आहे, पण स्पर्धेतल्या साहसकथा पाहिल्या म्हणजे तिचे मोल कळते. त्यांच्यातल्या पुष्कळ कथांत ऐन वेळी इन्स्पेक्टर काका येतात, टोळी पकडतात आणि मग मुलांच्या पाठीवर शाबासकी देतात. मुलांनी काय केले, तर काकांना फोन केला. असे हस्तलिखित भाषेत कितीही स्वच्छ असले तरी त्याने स्वतःच्याच वाचकाला शब्द देऊन तो मोडलेला असतो, आणि बारा वर्षांच्या वाचकाला ते बरोबर कळते.

रहस्यकथेचे माप आणखी कडक असायला हवे, कारण तिथे वाचकाशी बरोबरीचा व्यवहार असतो. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांच्या हाती आल्या, हे मी आपल्या कुमारवाचनाचे भाग्य समजतो. त्या कथा सांगतो तो तपेश, फेलूदाचा किशोरवयीन चुलत भाऊ. तो सगळे पाहतो आणि तरी त्याला सगळे कळत नाही. वाचक त्याच्या शेजारी उभा असतो, त्याला मिळाले तेवढेच वाचकालाही मिळते, आणि शेवटी उलगडा झाला की मागची पाने उलटून पाहता येतात. मागची पाने उलटून पाहण्याची इच्छा होणे ही रहस्यकथेची सर्वांत विश्वासार्ह परीक्षा आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि पिढ्यांना वाचनाची चटक लावली. त्यांचा वेग आजच्या कोणत्याही लेखकाने अभ्यासावा असा आहे. परंतु नुसता वेग आणि वाचकाला दिलेली न्याय्य संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुमार रहस्यकथेत मी दुसरीला अधिक वजन देईन. चौदाव्या वर्षी मुलगा तर्क करायला शिकत असतो; त्याच्या तर्काला खाद्य न देता फक्त धावायला लावणे म्हणजे त्याची बुद्धी कमी लेखणे होय.

विज्ञानकथेपाशी माझे मन थोडे द्विधा होते. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली एक पेटी सापडते, ती पूर्वी होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली असते, आणि तिच्यातल्या माहितीच्या आधारे वामन हा यंत्रमानव घडवला जातो. आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव घडवावेत असे वामनला वाटू लागते, आणि ती जुनी संस्कृती कशाने संपली असेल याचा अर्थ माणसांना हळूहळू लागत जातो. १९८०च्या दशकात लिहिलेली ही कादंबरी आज यंत्रबुद्धीच्या काळात वाचणाऱ्या मुलाला जवळची वाटते, ती तिच्यातल्या भाकितामुळे नव्हे. एक गोष्ट मान्य केली की पुढची प्रत्येक गोष्ट तिच्यातून अपरिहार्यपणे निघते, लेखक कुठेही सोयीसाठी नियम मोडत नाही, आणि त्यामुळे भीतीसुद्धा तर्काने चढत जाते. याच कादंबरीतील माणसे मात्र कल्पनेच्या मानाने फिकी आहेत. नायक किशोरवयीन नाही, घरदार नाममात्र आहे, कुणाच्या मनात फार खोल उतरावे लागत नाही. गुणांच्या तक्त्यात व्यक्तिचित्रणाच्या रकान्यात मी काय लिहीन? मी तिथे कमी गुण देईन आणि तरीही ही कादंबरी पंधरा वर्षांच्या मुलाला आधी देईन, कारण एखाद्या कल्पनेचा शेवटपर्यंत पाठलाग कसा करायचा हे तिच्याइतके स्वच्छ मराठीत थोड्याच पुस्तकांनी दाखवले आहे. रकान्यांची बेरीज करून हा निर्णय निघत नाही. एखाद्या पुस्तकात एकच गुण इतका मोठा असू शकतो की बाकीची उणीव सहन करावी, आणि ते ठरवण्यासाठी परीक्षकाने स्वतःची विवेकबुद्धी वापरावी लागते.

इतिहासाच्या कादंबरीत धोका वेगळा असतो. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो आणि लेखक तो पहिल्या पानापासून पात्रांच्या तोंडी घालू लागतो. मावळ्याचा तेरा वर्षांचा पोरगा असे बोलतो की जणू त्याने चौथीचे इतिहासाचे पुस्तक वाचलेले आहे. अशा हस्तलिखितांत मी एकच गोष्ट शोधतो: या पोराला उद्या काय होणार हे माहीत नाही, असे मला एकदा तरी वाटते का? त्याला भाकरीची, पावसाची, आजारी बैलाची काळजी आहे का? गो. नी. दांडेकर आयुष्यभर गडकोट पायी हिंडले, म्हणून त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत चढण चढताना वाचकालाही धाप लागते, आणि धाप लागली की तो काळ पुस्तकातून उठून अंगाशी येतो. शौर्याची विशेषणे जितकी वाढतात तितकी ही धाप कमी होत जाते. भयकथेविषयी फार लिहीत नाही. नारायण धारपांची पुस्तके पांघरुणात दिवा लावून वाचलेल्या पिढीला तिचे महत्त्व सांगायला नको. शाळेच्या ग्रंथालयातून भीतीची पुस्तके वगळण्याची रीत मात्र मला चूक वाटते. स्वतःच्या मर्जीने, पुस्तक मिटण्याचा अधिकार हाती ठेवून घाबरणे ही या वयाची एक निकोप गरज आहे. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला त्यासाठीही आनंद झाला होता.

आता ज्या प्रकाराचे परीक्षण सर्वांत अवघड आहे त्याकडे येतो. इथे टोळी नसते, यंत्रमानव नसतो, गड नसतो. एक मुलगा किंवा मुलगी असते, घर असते, शाळा असते, आणि वर्षभरात बाहेरून पाहिले तर फारसे काही घडत नाही. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केली ती कुमारांसाठीची कादंबरी म्हणून नव्हे, आणि तरी गेल्या वीस वर्षांत नववी-दहावीच्या मुलांनी तिला आपली मानले. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या, त्यांचा अर्धवट बांधलेल्या इमारतीतला अड्डा, वर्गातली शिरोडकर, आणि भोवती आणीबाणीचा काळ. तिला संस्कारमूल्याच्या रकान्यात तोलायला बसलो तर काय होईल याचा मी विचार करतो. मुले शिव्या देतात, मुलींच्या मागे फिरतात, शिक्षकांना नावे ठेवतात, घरी खोटे बोलतात. त्या रकान्यात तिला फार गुण मिळणार नाहीत. मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या मनातल्या ज्या गोष्टीची लाज वाटते ती दुसऱ्याच्याही मनात आहे, हे कळणे त्याच्यासाठी किती मोठे असते! आणि त्या लाजेखाली एक कोवळी, जपून ठेवण्याजोगी भावना आहे हे जेव्हा ती कादंबरी कुठेही न सांगता दाखवते, तेव्हा कोणत्याही बोधवचनापेक्षा मोठे काम झालेले असते. शेवटी शिरोडकर दूर निघून जाते आणि जोशीला त्यावर काहीही करता येत नाही. लेखक त्याचे सांत्वन करण्याच्या भानगडीत पडत नाही. समोर दहावी उभी असते, एवढेच.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनने हेच काम आणखी लहान वयात केले आहे. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही चार पुस्तके कथांची आहेत, कादंबरीची नव्हेत, पण सलग वाचली की एका मुलाचे वाढणे त्यांतून उलगडते. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन जी मराठी बोलतो ती कानडी मुलखाच्या शेजारची आहे. तिची लय वेगळी, तिचे शब्द वेगळे, आणि त्याचे स्वतःचे असे काही लाडके शब्द आहेतच. ही भाषा काढून प्रमाण मराठी घातली तर लंपनच उरणार नाही. असे असताना आपल्या तक्त्यात भाषेचा रकाना शुद्धलेखनाच्या अंगाने भरला जातो, आणि चंदगडच्या, धडगावच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाचे बोलणे जसेच्या तसे कागदावर आणणाऱ्या लेखकाचे गुण कापले जातात, हे मला अतिशय बोचते. कुमार कादंबरीत भाषेचे परीक्षण करायचे असेल तर एकच विचारावे: हा आवाज या मुलाचा आहे का, की त्याच्या मागे बसून कुणी मोठे माणूस बोलत आहे?

आणि ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली ती अशी की फ्लोरिडाच्या रानातले ते घर आपल्या ओळखीचे झाले. त्या घरातल्या ज्योडी या मुलाच्या बापाला साप चावतो; हरणीचे यकृत जखमेवर लावून विष उतरवण्यासाठी तो तिथल्या तिथे एका हरणीला गोळी घालतो; तिचे पोरके झालेले पाडस ज्योडी घरी आणतो. म्हणजे ज्योडीला मिळालेल्या आनंदाच्या मुळाशीच एक मृत्यू आहे आणि तो मृत्यू बापाच्या जगण्याची किंमत आहे. पाडस वाढते, शेतातले पीक खाऊ लागते, कुंपण उंच केले तरी उडी मारून आत येते, आणि त्या घराचे वर्षभराचे अन्न त्या पिकावर असते. पुढे काय होते हे ज्यांनी वाचले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी मी ते इथे लिहिणार नाही. इतकेच म्हणतो की ज्योडीच्या वाटचे काम दुसरे कुणी पूर्ण करत नाही. बाप करत नाही, शेजारी करत नाहीत, आणि लेखिकाही त्याच्या मदतीला धावत नाही. कादंबरीचा लेखक आपल्या तरुण पात्रावर याहून अधिक विश्वास दाखवू शकेल असे मला वाटत नाही.

साहित्यप्रकार कोणताही असो, दिलेला शब्द पाळला का या पहिल्या प्रश्नानंतर मी दुसरा प्रश्न विचारतो तो इथून आलेला आहे. या पुस्तकातल्या मुलाला किंवा मुलीला काही ठरवावे लागते का, आणि ठरवल्याची किंमत कोण चुकवते? साहसकथेत ती किंमत शरीराने चुकवली जाते आणि बहुधा लवकर फिटते, म्हणून ती अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला झेपते. विज्ञानकथेत ती अख्ख्या मानवजातीला चुकवावी लागते. ‘शाळा’ किंवा ‘पाडस’मध्ये ती मनावर राहते आणि शेवटच्या पानानंतरही फिटत नाही. या निकषावर पुस्तकांची उतरंड लावावी असे माझे म्हणणे नाही, पण कोणत्या वयाच्या वाचकाला कोणते पुस्तक द्यावे हे ठरवताना पानांची संख्या किंवा अक्षरांचा आकार पाहण्यापेक्षा हे ओझे किती आहे ते पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. जिथे किंमत पात्राऐवजी लेखकच चुकवतो, म्हणजे शेवटी एखादे उदार माणूस पाठवून, लॉटरी लावून, हरवलेला बाप परत आणून, तिथे ती कादंबरी कितीही गोड असली तरी मी तिला कुमार कादंबरी म्हणायला तयार होत नाही.

मुलींचा विचार करताना ही कसोटी लावली की आपल्या परंपरेतली एक मोठी पोकळी उघडी पडते. ज्या पुस्तकांची नावे मी आतापर्यंत घेतली त्यांत ठरवणारे बहुतेक सगळे मुलगे आहेत. मुली आहेत त्या पाहिल्या जातात, आठवल्या जातात, दूर जातात. शिरोडकरच्या बाजूने ते वर्ष कसे गेले असेल हे कुणी लिहिलेले नाही, आणि मला ते वाचायचे आहे. शांता शेळके यांनी मराठीत आणलेल्या ‘चौघीजणी’ आपल्याकडच्या मुलींनी वर्षानुवर्षे वाचल्या त्याचे कारण त्या चौघींपैकी प्रत्येकीला स्वतःचे काही ठरवायला मिळाले, हे असावे; आणि त्यांतल्या ज्योवर मराठी मुलींनी किती जीव लावला ते कोणत्याही ग्रंथपालाला विचारावे. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ साली बालसाहित्य पुरस्कार मिळाला, मुलीने स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावे हा घाट त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पण मासिक पाळी, शिक्षण मध्येच थांबणे, घरातली नजर, सायकल असूनही संध्याकाळी बाहेर जायला बंदी असणे, या सगळ्यांत राहून काही ठरवणारी पंधरा वर्षांची मराठी मुलगी कादंबरीत क्वचित दिसते. अशी हस्तलिखिते आली तर ती ‘या वयाला योग्य नाहीत’ या शेऱ्यासह बाजूला ठेवली जातात. तो शेरा लिहिणाऱ्यांनी आठवीच्या वर्गात एक दिवस बसावे असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ज्या गोष्टी त्या मुलींच्या आयुष्यात रोज आहेत त्या त्यांच्या पुस्तकात असणे अयोग्य कसे ठरते?

मुलांचे स्वतःचे मत परीक्षणात घ्यावे का, हाही वाद बैठकांमध्ये निघतो. घ्यावे, पण ते कसे विचारावे याला महत्त्व आहे. ‘पुस्तक आवडले का?’ असे विचारले की मुले मोठ्यांना हवे ते उत्तर देतात. ती त्यांना शाळेने लावलेली सवय आहे. मी त्याऐवजी विचारतो की कुठे थांबलास, आणि पुन्हा उचललेस तेव्हा कुठून वाचायला लागलास. एका मुलीने मला सांगितले की तिने एका कादंबरीतले संवाद तेवढे वाचले आणि वर्णने सोडून दिली, आणि तिला गोष्ट पूर्ण कळली. त्या कादंबरीच्या वर्णनांवर आम्ही परीक्षकांनी भरभरून लिहिले होते. मुलांचा कंटाळा हा अंतिम निकाल नव्हे, ‘पाडस’ची पहिली पन्नास पानेही पुष्कळांना जड जातात, परंतु तो कंटाळा कुठे आला आणि तिथे लेखक कुणाकडे पाहून लिहीत होता हे शोधले की बहुधा काहीतरी हाती लागते. बहुतेक वेळा लेखक त्या पानांवर मुलाकडे पाठ करून आमच्याशी, म्हणजे परीक्षकांशी, बोलत असतो.

अलीकडे एका निवड समितीसमोर बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलीवरची एक कादंबरी आली. ती आठवीत आहे. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या हंगामाला निघणार आहेत, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन ती खर्चही झालेली आहे, आणि आई गरोदर आहे. गावात हंगामी वसतिगृह आहे, मुलीचे नाव घालायचा कागद शिक्षकांनी घरी दिला आहे, बापाचा अंगठा तेवढा हवा आहे. मुलगी तो कागद बापाला दाखवत नाही. कोयत्याच्या जोडीत, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीत, आईची जागा आपण घ्यायची आणि आईला कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, बसू द्यायचे, असे ती मनाशी ठरवते, आणि शाळेत जाऊन सांगते की आम्हाला वसतिगृह नको. तिच्या बाईंना ती खोटे बोलते, आणि आपल्याला शाळा आवडत नाही असेही सांगते, म्हणजे कुणी पुन्हा विचारायला नको. ते प्रकरण वाचून मी बराच वेळ पुढे जाऊ शकलो नाही. लेखिकेने तिथे एक शब्दही जास्तीचा वापरलेला नाही. मुलीने बरोबर केले की चूक केले हे कुणी सांगत नाही, आणि सांगता येणारही नाही.

त्यानंतर आणखी एक प्रकरण आहे. उसाच्या फडावर एक अधिकारी येतात, मुलीची हुशारी ओळखतात, बालहक्कांविषयी बोलतात आणि तिला जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला पाठवतात. समितीतल्या इतरांचे म्हणणे असे पडले की हे प्रकरण हवेच. ते काढले तर मुलांच्या मनावर निराशा राहील, आणि शिक्षणाचे महत्त्वही त्यात आलेले आहे. मी म्हटले की ही कादंबरी ज्या मुली वाचतील त्यांच्यातल्या काहींच्या फडावर कुणी अधिकारी येणार नाही, आणि त्यांना मग असे वाटेल की पुस्तकातली मुलगी आपल्यासारखी नव्हतीच. शिवाय त्या मुलीने जे ठरवले त्याची किंमत अधिकाऱ्याने चुकवली की तिचे ठरवणे वाया जाते. तिच्या हातून तिची सगळ्यांत मोठी गोष्ट काढून घेतली जाते. चर्चा बराच वेळ चालली आणि एकमत झाले नाही. अखेर दोन्ही मते लेखिकेला लेखी कळवावीत आणि निर्णय तिच्यावर सोपवावा असे ठरले. माझ्या भागात मी कागद लपवण्याच्या प्रकरणाविषयी सविस्तर लिहिले, भाषेच्या रकान्यात ज्या शब्दांखाली रेघा मारल्या गेल्या होत्या ते सगळे शब्द तसेच ठेवावेत अशी विनंती केली, आणि शेवटी लिहिले की माझ्या मते ती मुलगी बाईंच्या खोलीतून बाहेर पडते तिथे कादंबरी पूर्ण झालेली आहे.